पाण्याची परीक्षा घेणारे इवलेसे जीव
बंगळुरूच्या तलावांचे आरोग्य सांगणाऱ्या जैविक निर्देशकांची ओळख

मार्च २०१६ मध्ये बंगळुरूच्या मध्यवस्तीतील अलसूर तलावात हजारो मासे मरून काठाला लागले. महापालिकेचे कर्मचारी होड्यांमधून मृत मासे गोळा करत असल्याची छायाचित्रे देशभर पोहोचली आणि तलावाच्या पाण्याचा प्रश्न काही दिवस चर्चेत राहिला. मात्र मासे मरणे ही प्रदूषणाची सुरुवात नसते, तो त्याचा शेवटचा टप्पा असतो. त्याच्या कितीतरी आधी पाण्यातील लहान जीवांच्या वस्तीत बदल झालेले असतात. काही जाती नाहीशा होतात, तर काहींची संख्या भरमसाट वाढते. हे बदल वाचता आले, तर पाण्याच्या बिघाडाची सूचना वेळेवर मिळू शकते. जलकीटक, गोगलगायी, कृमी आणि सूक्ष्म कवचधारी प्राणी यांच्या आधारे गोड्या पाण्याची प्रत ठरवण्याच्या या पद्धतीला जैविक निरीक्षण असे म्हणतात.

मोठी नदी नसलेले शहर

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळुरूजवळून एकही मोठी बारमाही नदी वाहत नाही. त्यामुळे सोळाव्या शतकात केंपेगौडा यांनी हे नगर वसवले तेव्हापासून पाण्यासाठी तलाव बांधण्याची परंपरा येथे रुजली. कन्नडमध्ये 'केरे' म्हणून ओळखले जाणारे हे तलाव उतारावर एकापुढे एक अशा साखळीने बांधलेले आहेत. वरचा तलाव भरला की त्याचे पाणी राजकालव्यांतून खालच्या तलावात जाते. शहराच्या उंचवट्यावरून पाणी प्रामुख्याने तीन खोऱ्यांत उतरते. वृषभावती खोऱ्यातील पाणी अर्कावतीमार्गे कावेरीला मिळते, तर हेब्बाळ आणि कोरमंगला-चल्लघट्टा या खोऱ्यांतील पाणी दक्षिण पिनाकिनी नदीकडे जाते.

हेसरघट्टा येथून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नळाने पाणी येऊ लागले. पुढे १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयाची आणि १९७४ पासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावरील कावेरीच्या पाण्याची जोड मिळाली. पिण्यासाठी तलावांची गरज उरली नाही, तसे त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले. तलावांना जोडणारे राजकालवे सांडपाण्याचे नाले बनले. साखळीतील बिघाडही साखळीनेच पुढे सरकू लागला. सुमारे ९०० एकरांवर पसरलेल्या बेळ्ळंदूर तलावावर साबणाच्या फेसासारखे थर साचून ते रस्त्यावर उडू लागले. मे २०१५ मध्ये या फेसाने पेट घेतला. फेब्रुवारी २०१७ आणि जानेवारी २०१८ मध्ये तलावाच्या परिसरात पुन्हा आगी लागल्या आणि २०१८ मधील आग विझवण्यासाठी लष्कराच्या जवानांना पाचारण करावे लागले.

रासायनिक तपासणी काय सांगते आणि काय सांगत नाही

पाण्याची प्रत ठरवण्याची रूढ पद्धत रासायनिक आहे. पाण्याचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेतात आणि त्यातील विरघळलेला ऑक्सिजन, आम्लता, अमोनिया, जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी आणि कोलिफॉर्म जीवाणूंचे प्रमाण मोजतात. या आकड्यांवरून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग ठरवले आहेत. त्यांपैकी मत्स्यपालन आणि वन्यजीवांसाठी योग्य ठरणाऱ्या चौथ्या वर्गात विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम असणे अपेक्षित आहे.

ही तपासणी आवश्यक असली, तरी ती एका क्षणाचे चित्र दाखवते. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरदामुळे हिरवट झालेल्या तलावाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. अशा तलावात शेवाळ दिवसा सूर्यप्रकाशात ऑक्सिजन सोडते. दुपारी घेतलेल्या नमुन्यात ऑक्सिजनचे प्रमाण समाधानकारक, किंबहुना नेहमीपेक्षा जास्तच दिसते. रात्री मात्र ऑक्सिजनची निर्मिती थांबते. शेवाळ, जीवाणू आणि मासे सर्वच तो वापरत राहतात आणि पहाटेपर्यंत साठा तळाला जातो. त्यातच अचानक मैलापाणी येऊन मिळाले, तर सूर्योदयापूर्वी मासे गुदमरतात. कर्मचारी सकाळी उशिरा नमुना घेण्यास येतो तोपर्यंत पाण्यात पुन्हा ऑक्सिजन तयार होऊ लागलेला असतो.

बंगळुरूची उंचीही येथे विचारात घ्यावी लागते. पंचवीस अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात समुद्रसपाटीला लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन सामावतो. ९०० मीटर उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने हे प्रमाण साधारण साडेसात मिलिग्रॅमच्या आत राहते. म्हणजे मुळातच येथील पाण्यात ऑक्सिजनची शिल्लक थोडी कमी असते.

शहरातील सँकी तलावात जून १९९५ मध्ये मोठ्या प्रमाणावर मासे मेले. भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासात, तलावात शिरलेल्या सांडपाण्यामुळे विरघळलेल्या ऑक्सिजनची पातळी एकाएकी घसरल्याचे कारण पुढे आले. एखादी रात्र अशी असू शकते की त्या रात्रीची नोंद कोणत्याही बाटलीत नसते. तलावाच्या तळाशी राहणाऱ्या जीवांनी मात्र ती रात्र अनुभवलेली असते. चतुराची पिल्ले काही महिने, तर काही जातींत वर्षाहूनही अधिक काळ पाण्यातच वाढतात. त्यांना दूर पळून जाता येत नाही. म्हणून ती आढळली, तर गेल्या कित्येक आठवड्यांत पाणी त्यांना सोसण्यासारखे होते असा निष्कर्ष निघतो.

सहनशील आणि हळवे

या पद्धतीचे तत्त्व साधे आहे. प्रत्येक जीवाची प्रदूषण सहन करण्याची क्षमता वेगळी असते. मेफ्लाय या कीटकाच्या पिल्लांचे कल्ले पोटाच्या दोन्ही बाजूंना उघडे असतात. गाळ साचला किंवा ऑक्सिजन घटला की त्यांना तो लगेच बाधतो. स्टोनफ्लायच्या पिल्लांना थंड, खळाळते पाणी लागते. खडे, काड्या आणि वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती घर बांधणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अनेक जातीही स्वच्छ प्रवाहातच आढळतात. हे तीन गट जेथे विपुल असतात, तेथील ओढ्याचे पाणी निरोगी समजले जाते.

दुसऱ्या टोकाला गाळात राहणारे लाल रंगाचे जीव आहेत. कायरोनोमस या चावा न घेणाऱ्या डासवर्गीय माशीच्या अळ्यांना रक्तकृमी असे म्हणतात. माणसाच्या रक्तात असते तसे हिमोग्लोबिन त्यांच्या शरीरात असल्याने, ऑक्सिजन अत्यल्प असतानाही त्यांचा निभाव लागतो. ट्युबिफेक्स हे कृमी डोके गाळात खुपसून शेपटीचे टोक पाण्यात हलवत राहतात आणि उपलब्ध असलेला थोडासा ऑक्सिजन मिळवतात. याहून वाईट पाण्यात तग धरणारे जीव पाण्यातील ऑक्सिजनवर अवलंबूनच नसतात. डासाची अळी पृष्ठभागाशी येऊन नळीने हवा घेते. उंदराच्या शेपटीसारखी लांब श्वासनलिका असलेली एरिस्टॅलिस माशीची अळी थेट मैलापाण्यातही जगते.

या दोन टोकांच्या मध्ये चतुर आणि टाचणी यांची पिल्ले, पाणभुंगेरे, पाणढेकूण, शिंपले, गोगलगायी आणि जळवा असा मोठा समुदाय येतो. केवळ एका जळवेवरून किंवा एका रक्तकृमीवरून पाणी वाईट ठरत नाही, कारण स्वच्छ पाण्यातही ते थोड्या संख्येने असतात. कोण कोणाच्या सोबतीने आणि किती संख्येने राहतो, यावरून निर्णय होतो.

शंभर वर्षांहून जुनी कल्पना

जीवांवरून पाण्याची पारख करण्याच्या कल्पनेला शास्त्रीय चौकट जर्मनीत मिळाली. कोल्कविट्झ आणि मार्सन या शास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये वनस्पतींची आणि १९०९ मध्ये प्राण्यांची यादी प्रसिद्ध करून, सेंद्रिय घाणीच्या कोणत्या टप्प्यावर कोणते जीव आढळतात हे मांडले. ब्रिटनमध्ये १९७६ साली नेमलेल्या एका कार्यगटाने हे काम अधिक सोपे केले. त्यासाठी कीटकाची नेमकी जात ओळखण्याची गरज ठेवली नाही. त्याचे कुळ ओळखणे पुरेसे मानले. प्रत्येक कुळाला १ ते १० गुण देण्यात आले. सर्वांत हळव्या कुळांना १०, तर गाळातील कृमींना १ गुण मिळाला. युरोपीय संघाने २००० साली केलेल्या जलविषयक कायद्यात तर पाण्याची स्थिती ठरवताना जीवांचा विचार बंधनकारक करण्यात आला.

भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नेदरलँड्सच्या सहकार्याने यमुना नदीवर अभ्यास करून येथील परिस्थितीला अनुरूप असे जैविक निकष तयार केले. त्यात दोन मापे एकत्र पाहिली जातात. पहिले माप सहनशीलतेचे असून ते ० ते १० या श्रेणीत मोजतात. दुसरे माप विविधतेचे असून ते ० ते १ या श्रेणीत असते.

पहिले माप उदाहरणाने स्पष्ट होईल. ब्रिटिश तक्त्यानुसार एखाद्या ओढ्यात चपटी मेफ्लाय (१०), चतुर (८), टाचणी (६), जाळे विणणारी कॅडिसफ्लाय (५) आणि गोगलगाय (३) ही पाच कुळे आढळली, तर एकूण गुण ३२ आणि सरासरी ६.४ येते. दुसऱ्या ठिकाणी गोगलगाय (३), जळू (३), रक्तकृमी (२) आणि गाळातील कृमी (१) एवढेच मिळाले, तर एकूण ९ आणि सरासरी सव्वादोन येते. भारतीय निकषांत ७ आणि त्याहून अधिक सरासरीचे पाणी स्वच्छ, ६ ते ७ चे किंचित प्रदूषित, तर २ पेक्षा कमी सरासरीचे अतिप्रदूषित मानतात. मधल्या श्रेणी एकमेकींत थोड्या मिसळतात. त्या वेळी दुसरे माप उपयोगी पडते.

विविधता मोजण्यासाठी पकडलेले जीव कोणतीही निवड न करता एकेक करून पाहतात आणि प्रत्येक जीव आधीच्या जीवापेक्षा वेगळा आहे की तसाच, एवढेच नोंदवतात. सारख्या जीवांचा सलग क्रम म्हणजे एक गट. वीस जीवांत असे बारा गट पडले, तर विविधता ०.६ होते. वीसही रक्तकृमीच निघाले, तर गट एकच पडतो आणि आकडा ०.०५ वर येतो. या कामासाठी महागडे यंत्र लागत नाही. जाळे, पांढरे तबक, भिंग, चिमटा आणि नमुने टिकवण्यासाठी अल्कोहोल एवढी सामग्री पुरते. निकालाचे पाच वर्ग निळा, फिकट निळा, हिरवा, नारिंगी आणि लाल अशा रंगांनी नकाशावर दाखवले जातात. त्यामुळे शास्त्राची ओळख नसलेल्या नागरिकालाही नदीचा कोणता टप्पा बिघडला आहे हे कळते.

पाणपिसूचे हृदय

जैविक तपासणीचा दुसरा प्रकार प्रयोगशाळेत केला जातो. त्यात डॅफ्निया, अर्थात पाणपिसू, या काही मिलिमीटर लांबीच्या कवचधारी प्राण्याचा उपयोग होतो. त्याचे शरीर पारदर्शक असते आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे धडधडणारे हृदय स्पष्ट दिसते. अनुकूल काळात मादी नराशिवाय पिल्ले देते. त्यामुळे आनुवंशिकदृष्ट्या सारखी पिल्ले मोठ्या संख्येने मिळतात आणि प्रयोगाचे निकाल एकमेकांशी ताडून पाहता येतात. आंतरराष्ट्रीय प्रमाणित पद्धतीत एक दिवसाहून कमी वयाची पिल्ले तपासायच्या द्रावणात ४८ तास ठेवतात आणि किती पिल्लांची हालचाल थांबली ते मोजतात.

कारखान्याच्या सांडपाण्यात अनेक रसायने एकत्र असतात. प्रत्येकाचे प्रमाण स्वतंत्रपणे मर्यादेत असूनही त्यांचे मिश्रण घातक ठरू शकते. यंत्र फक्त विचारलेल्या रसायनाचे उत्तर देते. जिवंत प्राणी मात्र संपूर्ण मिश्रणाला प्रतिसाद देतो. हे तत्त्व भारतीय नियमांतही आहे. पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांनुसार, प्रक्रिया केलेल्या औद्योगिक सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहणे अपेक्षित आहे.

डॅफ्नियाचे भाईबंद तलावातही असतात. पाण्यावर तरंगत जगणाऱ्या या प्राणिप्लवकांत सूक्ष्म कवचधारी आणि चक्रासारखे केस फिरवणारे रोटिफेर यांचा समावेश होतो. सेंद्रिय घाणीने समृद्ध झालेल्या तलावांत ब्रॅकिओनस या रोटिफेरची आणि मोइना या पाणपिसूची संख्या वाढलेली दिसते. जाळीच्या पिशवीतून ठरावीक पाणी गाळून त्यांची गणना करता येते.

बंगळुरूतील काम

या विषयातील महत्त्वाचे काम बंगळुरूमधूनच झाले आहे. पुण्याचे सुपुत्र, ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या पुढाकाराने भारतीय विज्ञान संस्थेत १९८३ मध्ये परिसरविज्ञान केंद्र सुरू झाले. सामान्य नागरिक आणि विद्यार्थी यांना आपल्या भोवतीचे जीव ओळखता यावेत, यासाठी आखलेल्या 'लाइफस्केप' प्रकल्पातून के. ए. सुब्रमणियन यांची दक्षिण भारतातील चतुर आणि टाचण्यांची मार्गदर्शिका २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. सुब्रमणियन आणि के. जी. शिवरामकृष्णन यांनी लिहिलेली, जलकीटकांवरून गोड्या पाण्याचे निरीक्षण कसे करावे हे सांगणारी पुस्तिका २००७ मध्ये बंगळुरूच्या 'एट्री' या संशोधन संस्थेने प्रकाशित केली. भारतीय विज्ञान संस्थेतील टी. व्ही. रामचंद्र आणि त्यांचे सहकारी शहरातील तलावांचा दीर्घकाळ अभ्यास करत आले आहेत.

शहराच्या उत्तरेकडील जक्कूर तलाव या संदर्भात लक्षवेधी ठरतो. तेथे सांडपाणी आधी प्रक्रिया केंद्रात जाते. प्रक्रिया केलेले पाणी पाणवनस्पती लावलेल्या पाणथळीतून सावकाश पुढे सरकते आणि त्यानंतर तलावात मिसळते. वनस्पतींची मुळे आणि त्यांवरील जीवाणू उरलेले नत्र व स्फुरद काही प्रमाणात शोषून घेतात. अशा रचनेत पाणथळीच्या तोंडाशी, मध्यभागी आणि तलावात जीवांचे नमुने घेतले, तर प्रत्येक टप्प्यावर पाणी किती सुधारते हे ताडून पाहता येते. शुद्धीकरणाच्या खर्चाचे फलित मोजण्याचा हा स्वस्त मार्ग आहे.

मर्यादाही तितक्याच महत्त्वाच्या

युरोपात तयार झालेले तक्ते बंगळुरूला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ते वाहत्या ओढ्यांसाठी आहेत, तर येथील तलाव मानवनिर्मित आणि संथ पाण्याचे आहेत. स्टोनफ्लाय बंगळुरूच्या तलावात मिळाली नाही, तर त्याचे कारण प्रदूषण नव्हे. तिचे ते घरच नव्हे. म्हणून तलावांची तुलना कमी बिघडलेल्या तलावांशीच करावी लागते. उन्हाळ्यात पाणी आटते, पावसाळ्यात पुराने तळ धुऊन निघतो. त्यामुळे नमुने दरवर्षी ठरलेल्या ऋतूंत घेणे गरजेचे असते.

तलावात सोडलेले मासेही चित्र बदलतात. डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडलेला गॅम्बुसिया मासा पाणपिसूंवरही ताव मारतो. अशा वेळी पाणपिसू कमी दिसण्याचे कारण विषारी पाणी की भुकेला मासा, हे तपासावे लागते. शिवाय पाणी पिण्यायोग्य आहे का, याचे उत्तर कीटक देऊ शकत नाहीत. कॉलरा किंवा काविळीच्या रोगजंतूंचा शोध प्रयोगशाळेतच घ्यावा लागतो. कोणते रसायन कारणीभूत आहे, हेही रासायनिक तपासणीच सांगते. जड धातूंच्या सान्निध्यात कायरोनोमसच्या अळ्यांचे मुखावयव वेडेवाकडे वाढतात, हे अनेक देशांत दिसून आले आहे. तरी धातू कोणता, हे त्यावरून ठरत नाही. म्हणजेच दोन्ही पद्धती परस्परांना पूरक आहेत.

खालच्या अंगाला राहणाऱ्यांचा प्रश्न

हा विषय केवळ तलावांच्या सौंदर्याशी निगडित नाही. शहराबाहेर पडणारे पाणी पुढे कोणाच्या तरी शेतात जाते. वृषभावतीचे पाणी बिडदीजवळील बैरमंगल जलाशयात साठते आणि त्यावर आसपासच्या गावांतील शेती होते. कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातील प्रक्रिया केलेले सांडपाणी २०१८ पासून दुष्काळी कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडले जाऊ लागले. या पाण्याने तेथील कोरडे तलाव भरले, त्याचबरोबर त्याच्या दर्जाविषयी शंकाही उपस्थित झाल्या आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. पाणी हवे आहे, पण ते कसे आहे हेही कळायला हवे, अशी शेतकऱ्यांची भूमिका रास्त आहे. कधीतरी घेतलेल्या एखाद्या नमुन्याच्या आकड्यांनी त्यांचे समाधान होणे कठीण आहे.

गावातील शाळेच्या मुलांना जाळे आणि तबक देऊन वर्षातून तीन-चार वेळा तलावातील जीवांची नोंद करता येते. दक्षिण आफ्रिकेत 'मिनी-सॅस' या सोप्या पद्धतीने विद्यार्थी आणि नागरिक नद्यांची अशी तपासणी करतात. कुळे ओळखण्याचे प्रशिक्षण, स्थानिक भाषेतील चित्रमय मार्गदर्शिका आणि नोंदी पडताळून पाहणारी एखादी संस्था एवढी व्यवस्था झाली, तर महाराष्ट्रातील मुळा-मुठा किंवा पंचगंगा यांसारख्या नद्यांच्या काठीही हे काम करणे शक्य आहे.

तलावाकाठच्या गवतावर रंगीबेरंगी टाचण्या बसलेल्या दिसल्या, तर त्यांची पिल्ले जवळच्याच पाण्यात वाढली असण्याची शक्यता असते. काठावर फक्त डासांचे थवे आणि गाळात फक्त लाल अळ्या उरल्या असतील, तर त्याचाही अर्थ स्पष्ट असतो. अलसूरमध्ये मासे तरंगू लागल्यावर सर्वांचे लक्ष तलावाकडे गेले. तळातील लहान जीवांची नोंद नियमितपणे ठेवली गेली, तर अशा दुर्घटनेची चाहूल काही आठवडे आधी लागू शकेल आणि मैलापाण्याचा प्रवाह वेळीच रोखता येईल.